नवसारी, इ.स. ७३९ : एका ताम्रपटाची झडती

मुंबईहून सुरतेकडे जाणारी गाडी संजाण, वलसाड, बिलिमोरा करत नवसारीला पोहोचते आणि पुढे पूर्णा नदीचा पूल ओलांडते. त्या डब्यात बसलेल्या शंभर माणसांना विचारले, की फ्रान्समध्ये अरबांची घोडदौड कुठे अडली, तर निदान दोघेतिघे इ.स. ७३२ ची पॉईटियरची लढाई सांगतील. त्यानंतर सहा-सात वर्षांनी तशीच एक घोडदौड याच पूर्णेच्या मुलखात अडली, हे सांगणारा एकही भेटणार नाही. मला याचे वाईट वाटते. त्याहून जास्त वाईट याचे वाटते, की ज्यांना ही लढाई माहीत आहे त्यांच्यातले बहुतेक जण तिचा मूळ पुरावा न वाचताच ती आपापल्या सोयीने सांगतात. म्हणून हे एकच प्रकरण घेऊन ते मुळापासून तपासायचे आहे.

प्रकरण थोडक्यात असे. इ.स. ७३८-३९ च्या सुमारास सिंधमधल्या अरब सत्तेचे सैन्य कच्छ, सौराष्ट्र आणि उत्तर गुजरात तुडवत दक्षिणेत शिरण्यासाठी लाट देशात, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेत, उतरले. तिथे बदामीच्या चालुक्यांच्या एका धाकट्या शाखेचे राज्य होते. त्या शाखेचा प्रमुख पुलकेशी याने नवसारीच्या मुलखात हे सैन्य मोडले. याला इतिहासात अवनिजनाश्रय पुलकेशी म्हणतात. हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवणारा तो प्रसिद्ध दुसरा पुलकेशी म्हणजे याचा आजोबा.

पुरावा

या लढाईचा थेट पुरावा एकच : नवसारीला सापडलेला ताम्रपट, कलचुरि संवत ४९०, म्हणजे इ.स. ७३९. तो मुळात विजयाची नोंद म्हणून लिहिलेलाच नाही. एका ब्राह्मणाला गाव दान दिल्याचा तो कागद आहे, आणि दान देणारा राजा कोण हे सांगण्याच्या ओघात लढाईचे वर्णन येते. कलचुरि संवताचे लेख एकत्र करून त्यांचे चिकित्सक संपादन करण्याचे काम नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी केले. त्यामुळे मराठी वाचकाला या लेखाशी परके वाटण्याचे काहीच कारण नाही.

ताम्रपटातले वर्णन अलंकारिक आहे, पण पोकळ नाही. आधी येते पराभूतांची यादी. ताजिकांच्या, म्हणजे अरबांच्या, सैन्याने सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य आणि गुर्जर या राज्यांना आपल्या तलवारीने फाडले, असे लेख म्हणतो. मग हेतू : दक्षिणेतल्या सगळ्या राजांना जिंकण्याच्या इच्छेने दक्षिणापथात शिरायचे, आणि त्यासाठी सर्वांत आधी नवसारिका विषय, म्हणजे नवसारीचा जिल्हा, घ्यायचा. मग प्रत्यक्ष लढाई. घोड्यांच्या खुरांनी उडालेल्या धुळीने दिशा धुरकट झाल्या. भाल्यांनी पोटे फाटून रक्ताने चिलखते लाल झाली. आणि नगाऱ्याच्या तालावर धडे नाचू लागली, जणू आज डोके देऊन एका जन्मापुरते तरी धन्याचे ऋण फेडले याचा त्यांना आनंद झाला होता.

हे शेवटचे वाक्य कवीचे आहे हे मला कळते. कबंध नाचणे हा संस्कृत युद्धवर्णनातला ठरलेला अलंकार आहे. पण यादी ठरलेली नाही. प्रशस्तिकाराला आपल्या राजाचा शत्रू मोठा दाखवायचा होता हे मान्य करूनही, त्याने कलिंग-वंग-अंग अशी छापील नावे घातली नाहीत. सिंधकडून निघालेले सैन्य ज्या वाटेने नवसारीला येईल त्या वाटेवरची राज्ये त्याने मोजली. आणि शेवटचे नाव आहे गुर्जर, म्हणजे भडोचचे, अगदी सीमेला लागून असलेले शेजारी. म्हणून ही यादी मी खरी धरतो.

त्या शेजाऱ्यांचा स्वतःचा ताम्रपटही आहे. भडोचचा चौथा जयभट इ.स. ७३६ च्या सुमारास सांगतो, की सौराष्ट्रातल्या वलभीच्या राजाच्या नगरात आपण ताजिकांची आग तलवारीच्या धारेच्या पाण्याने विझवली. म्हणजे नवसारीच्या दोन-तीन वर्षे आधी गुर्जर वलभीत जाऊन लढत होते आणि जिंकल्याचे लिहीत होते. नवसारीच्या पटात तेच गुर्जर पराभूतांमध्ये आहेत. दोन्ही पट शेजारी ठेवले की मधल्या काळात काय झाले असेल ते दिसते : धरण एकदा टिकले, दुसऱ्यांदा फुटले, आणि पाणी थेट तापीच्या खोऱ्यात आले.

‘ताजिक’ म्हणजे कोण

पटात शत्रूसाठी वापरलेला शब्द ‘ताजिक’ आहे. त्याचे मूळ ‘तय्यि’ या अरब टोळीच्या नावात असून इराणी लोकांनी तो सगळ्याच अरबांना लावला. आपल्याला हा शब्द दुसऱ्या दारातून चांगला ओळखीचा आहे. वर्षफल काढणारे ज्योतिषी ज्या शाखेने ते काढतात तिचे नाव ताजिक, कारण ती विद्या अरबांकडून आली. जुन्या मराठीत उमद्या घोड्याला ‘ताजी’ म्हणत, तोही याच कुळातला शब्द. नवसारीच्या लेखकाने शत्रूचा धर्म सांगितलेला नाही. त्याला तो माहीत नसेल असे नव्हे. अरब व्यापारी या किनाऱ्याला नवे नव्हते. पण त्याच्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्ट होती ती ते कुठले आणि त्यांना काय हवे होते ही.

अरबांची बाजू

अरबांचे पहिले पाऊल तर थेट ठाण्यावर पडले होते. खलिफा उमरच्या काळात, इ.स. ६३६ च्या सुमारास, बहरीन-ओमानचा सुभेदार उस्मान बिन अबिल आस याने ठाण्यावर आरमार पाठवले. नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी सांगतो, की उमर यावर संतापला : तू एका किड्याला लाकडावर बसवून समुद्रात सोडलेस, आणि ही माणसे बुडाली असती तर तितकीच माणसे मी तुझ्या टोळीतून घेतली असती. समुद्री मोहिमा थंडावल्या. मग इ.स. ७११-१२ मध्ये मुहम्मद बिन कासिमने सिंध घेतला आणि अरबांना जमिनीवरचा तळ मिळाला.

खरा रेटा आला तो खलिफा हिशामच्या काळात (७२४–७४३). सिंधचा सुभेदार जुनैद याने मारवाडपासून भडोच आणि उज्जैनपर्यंत फौजा पाठवल्या. बलाझुरी त्याच्या मोहिमांची जी फळे सांगतो त्यात सर्वांत ठसठशीत आकडा पैशाचा आहे : वाटून टाकलेले आणि वर पाठवलेले सोडून जुनैदच्या घरात चार कोटी जमले. आणि त्याच जुनैदने कोणाला मारले ते पाहा. सिंधचा पराभूत राजा दाहीर याचा मुलगा जयसिंह याने खलिफा दुसऱ्या उमरच्या आवाहनाला मान देऊन इस्लाम स्वीकारला होता. जुनैदशी त्याचे बिनसले, पाण्यावर लढाई झाली, त्याचे जहाज गाळात रुतले, आणि पकडून त्याला ठार केले. त्याचा भाऊ जुनैदच्या दगाबाजीची तक्रार घेऊन इराककडे निघाला, तर त्यालाही गोड बोलून जवळ आणून मारले. सत्ता आणि खंडणी यांच्या आड धर्मांतरही आले नाही.

जुनैदनंतर आलेल्या तमीमच्या हातून जिंकलेली ठाणी गेली. बलाझुरी लिहितो, की मुसलमान हिंदमधल्या कित्येक जागा सोडून मागे आले. मग हकम बिन अवाना आला. तो आला तेव्हा अरबांना पाय टेकायलाही सुरक्षित जागा उरली नव्हती, म्हणून त्याने एक तटबंदीचे गाव वसवले आणि त्याचे नाव ठेवले महफूजा, सुरक्षित. त्याच्या हाताखाली मुहम्मद बिन कासिमचा मुलगा अम्र होता, ज्याने पुढे मन्सूरा शहर वसवले. नवसारीवर आलेली फौज हकमच्या कारकिर्दीतली. इ.स. ७४० मध्ये हकम लढाईतच मारला गेला.

बलाझुरी नवसारीचे नाव घेत नाही. पराभवाची नोंद सुभेदाराने दमास्कसला पाठवावी आणि दीडशे वर्षांनी बगदादच्या इतिहासकाराने ती जपावी, असे क्वचितच घडते. पण ज्या सत्तेला आपल्या नव्या ठाण्याचे नाव ‘सुरक्षित’ ठेवावे लागते तिची अवस्था त्या एका नावात लिहिलेली आहे.

पुलकेशीची बाजू

आता या प्रकरणातल्या मुख्य माणसाकडे येऊ. बदामीचा पहिला विक्रमादित्य याने आपला धाकटा भाऊ जयसिंह याला उत्तरेची ही बाजू दिली होती. त्याचा नाशिकला सापडलेला ताम्रपट इ.स. ६८५ चा आहे. म्हणजे हे घराणे नाशिकपासून तापीपर्यंत वावरणारे, अर्धे आजच्या महाराष्ट्रातले. जयसिंहाचा मुलगा श्र्याश्रय शीलादित्य इ.स. ६७१ मध्ये युवराज म्हणून दाने देतो. दुसरा मुलगा मंगलरस याचा एक पट पालघर जिल्ह्यातल्या मनोरचा, इ.स. ६९१ चा, आणि दुसरा वलसाडचा, इ.स. ७३१ चा. त्यानंतर आपला पुलकेशी.

या तारखा जुळवताना माझे एका गोष्टीकडे लक्ष गेले. थोरला भाऊ ६७१ मध्ये युवराज, मधला ६९१ मध्ये दाने देणारा, आणि धाकटा ७३९ मध्ये लढाई जिंकणारा. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत ६८ वर्षे आहेत. धाकट्याचा जन्म कितीही उशिरा धरला तरी नवसारीच्या वेळी तो पन्नाशीच्या आसपास किंवा पलीकडे असणार. चित्रांत दाखवतात तसा हा विशीतला वीर नव्हता. दोन थोरल्या भावांमागे आयुष्य काढून उतारवयात गादीवर आलेला माणूस होता, आणि गादी मिळून आठ वर्षे होण्याच्या आत त्याच्यापुढे हे संकट उभे राहिले.

त्याच्यापुढची परिस्थिती पाहा. उत्तरेचा शेजारी कोसळलेला. मागे सह्याद्री आणि कोकण, आणि त्यापलीकडे खूप दूर, मलप्रभेच्या खोऱ्यात, बदामी. बदामीला त्याचा चुलतभावाचा नातू, सम्राट दुसरा विक्रमादित्य (७३३–७४४). आणि सम्राटाचे लक्ष होते कांचीकडे. पल्लवांवर त्याने चढाई केली, कांचीत शिरला, शहर लुटले नाही, राजसिंहेश्वराच्या देवळाची संपत्ती देवाला परत दिली आणि तसा कानडी लेख तिथेच कोरवला.

तेव्हा पुलकेशीसमोर तीन वाटा होत्या. खंडणी देऊन वेळ मारून न्यायची. मागे सरकून डोंगरात जायचे आणि मुलूख सोडायचा. किंवा उघड्या मैदानात उभे राहायचे. तापी आणि पूर्णेमधला हा प्रदेश सपाट, घोडदळाला सोयीचा, म्हणजे तिसरी वाट शत्रूला फायद्याची. तरीही त्याने ती घेतली. कारण पटातच आहे, फक्त शत्रूच्या हेतूच्या रूपात : नवसारी हे शत्रूचे शेवटचे ठिकाण नव्हते, दार होते. दार सोडून घर राखता येत नाही, हे सीमेवर दोन पिढ्या काढलेल्या घराण्याला सांगावे लागत नाही. शिवाय आलेली फौज सिंधपासून सहा राज्ये तुडवत आली होती. तिच्या मागची प्रत्येक वस्ती वैरी झालेली होती. अशा फौजेला एकच पराभव पुरतो, कारण तिला मागे फिरून थांबायला जागा नसते. पुलकेशीने हा हिशेब मांडला असेल असे मला वाटते. मुलूख सोडून देत राहिले असते तर हाच हिशेब त्याच्याविरुद्ध गेला असता.

लढाई जिंकल्यावर सम्राटाने, पटाच्या भाषेत श्रीवल्लभ नरेंद्राने, त्याला चार बिरुदे दिली. दक्षिणापथसाधार, दक्षिणापथाचा भक्कम आधार. चलुक्किकुलालंकार. पृथ्वीवल्लभ. आणि अनिवर्त्तकनिवर्त्तयितृ, म्हणजे जे मागे फिरवता येत नाहीत त्यांना मागे फिरवणारा. हे चौथे बिरुद उच्चारताना जीभ अडखळते, पण त्या काळी अरब फौजेची ख्याती काय होती ते त्याहून नेमके कुठेच लिहिलेले नाही. पहिल्या बिरुदावर मी जास्त वेळ थांबतो. बदामीच्या दरबाराने त्याला लाटेचा रक्षक म्हटले नाही, चालुक्य राज्याचा म्हटले नाही. दक्षिणापथाचा म्हटले. एका सीमेवरच्या लढाईत संपूर्ण दक्षिण पणाला लागली होती, हे त्यांनी ओळखले होते.

ओळखले, आणि विसरले

ओळखले खरे, पण किती काळ? पट्टदकलला जा. तिथले विरूपाक्षाचे भव्य देऊळ लोकमहादेवी या राणीने बांधवले, ते पतीने तीनदा कांची जिंकल्याच्या स्मरणार्थ. नवसारीसाठी एक दगडही उभा राहिला नाही. त्याच विक्रमादित्याचा मुलगा दुसरा कीर्तिवर्मा याचा एक ताम्रपट पुणे जिल्ह्यातल्या केंदूरला सापडला, इ.स. ७५० चा, दुसरा कर्नाटकात वक्कलेरीला, इ.स. ७५७ चा. दोन्हींत बापाच्या पराक्रमाचे वर्णन येते ते कांचीच्या स्वारीचे, ताजिकांचा उल्लेख नाही. आणि पल्लवासाठी शब्द वापरला आहे ‘प्रकृत्यमित्र’, स्वभावतःच शत्रू, ज्याला मुळासकट उपटायचे.

हा शब्द मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. पल्लव शिवभक्त, चालुक्य शिवभक्त. एकाच्या राजधानीत जाऊन दुसरा देवळाला सोने परत देतो. आणि तरी स्वाभाविक शत्रू तोच, सिंधकडून आलेला ताजिक नव्हे. जे लोक नवसारीची लढाई ‘सगळे हिंदू एकीकडे, सगळे मुसलमान दुसरीकडे’ अशी रंगवतात त्यांनी केंदूरचा ताम्रपट एकदा वाचावा. ग्वाल्हेरच्या प्रतिहार प्रशस्तीत पहिल्या नागभटाने हरवलेल्या अरबांना ‘म्लेच्छ’ म्हटले आहे, ते खरे. पण ती प्रशस्ती मिहिर भोजाच्या काळची, शंभरेक वर्षांनंतरची. लढाईच्या वर्षी, लढणाऱ्याच्या घरात लिहिलेल्या पटात तो शब्द नाही.

उलट टोकाचे लोक म्हणतात, ही सीमेवरची एक चकमक होती, ताम्रपटाने फुगवलेली. हे मला पटत नाही. चकमकीसाठी सम्राट चार बिरुदे देत नाही, आणि सहा राज्ये मोडून आलेली फौज म्हणजे लुटारूंची टोळी नव्हे. मात्र अरबांचा रेटा संपण्याचे सगळे श्रेय नवसारीला देणेही चूक ठरेल. त्या दोन दशकांत खिलाफत चहूबाजूंनी रक्तबंबाळ होत होती : ७३० मध्ये कॉकेशसच्या उत्तरेच्या खझारांनी अर्दबीलला तिची फौज कापली, ७३१ मध्ये समरकंदजवळच्या खिंडीत तुर्कांनी, ७३२ मध्ये फ्रँकांनी, आणि ७४० मध्ये उत्तर आफ्रिकेत बर्बरांचे बंड पेटले. खझारांना पुलकेशी ठाऊक नव्हता, पुलकेशीला फ्रँक. सर्वांनी मिळून एकाच सत्तेचा श्वास तोडला, एकमेकांना न ओळखता. हिशामनंतर सात वर्षांत उमय्या घराणे बुडाले. सिंधच्या अरबांनी पुढेही गुजरातच्या किनाऱ्यावर आरमार पाठवले, पण दक्षिणापथात शिरण्याचा तसा मोठा प्रयत्न पुन्हा केला नाही.

आणि पुलकेशीचे काय झाले? ७३९ नंतर त्याच्या घराण्याचा एकही पट मिळत नाही. ते अरबांनी संपवले नाही. वेरूळच्या परिसरातून वर आलेल्या राष्ट्रकूट दंतिदुर्गाने आठव्या शतकाच्या मध्याला लाट घेतला आणि लवकरच बदामीच्या कीर्तिवर्म्यालाही खाली खेचले. दंतिदुर्गही नवसारीत चालुक्यांच्या बाजूने लढला असावा, असे काही अभ्यासक मानतात, कारण त्याचेही एक बिरुद ‘पृथ्वीवल्लभ’ आहे. तसे असेल, तर दक्षिणापथाच्या आधाराला खांदा देणाऱ्यानेच तो आधार नंतर काढून घेतला.

त्याच किनाऱ्यावर, दोनशे वर्षांनी

या प्रकरणाचा धागा इथे तोडला तर ते अर्धवट राहील. राष्ट्रकूटांनी अरबांशी वैर चालवले नाही. त्यांचे वैर उत्तरेच्या प्रतिहारांशी होते, आणि प्रतिहारांचे सिंधच्या अरबांशी. नवव्या शतकाच्या मध्याचे अरबी वर्णन सांगते, की ‘बल्हरा’, म्हणजे वल्लभराज राष्ट्रकूट, याच्याइतके अरबांवर प्रेम करणारे दुसरे कोणी नाही. अरब प्रवासी मसऊदी इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आला तेव्हा तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना दिसले. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे मिटवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता.

आणि मग डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेला तिसऱ्या इंद्राच्या काळातला ताम्रपट, शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. नवसारीच्या दक्षिणेला, शंभर किलोमीटरच्याही आत, संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांचा अधिकारी आहे मधुमती सुगतिप. मधुमती म्हणजे मुहम्मद. त्याला तिथे नेमले होते दुसऱ्या कृष्णाने. किनाऱ्यावरची बंदरे आपल्या धन्यासाठी जिंकून त्याने त्यांवर आपली माणसे बसवली. आणि त्याचा वंश सांगताना लेखकाने तोच शब्द वापरला आहे, जो १८७ वर्षांपूर्वी नवसारीच्या पटात शत्रूसाठी होता : ताजिक. या ताजिकाने राजाच्या संमतीने भगवतीच्या मठिकेला जमीन दिली, नदीवर प्रवाशांसाठी फुकट होड्या ठेवल्या, आणि संजाणला एक सत्र काढले, जिथे वाटसरूंना साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे.